दोन्ही कान दिसले पाहिजेत

समीक्षक व्हायला काय लागते, याची मी मध्यंतरी चौकशी केली. एका साहित्यिक मित्राने सांगितले, की त्याला व्यासंग लागतो, दृष्टी लागते, आणि मुख्य म्हणजे आपण ज्याच्यावर लिहितो ते आपल्याला स्वतःला अजिबात जमत नाही याची खात्री लागते. यातली तिसरी अट मी पूर्ण करतो. मला फोटो काढता येत नाहीत. मी काढलेल्या फोटोंत माणसे असतात, पण पूर्ण नसतात. आमच्या महाबळेश्वरच्या सहलीच्या फोटोत दरी स्पष्ट आहे, कठडा स्पष्ट आहे, माझा डावा अंगठा तर फारच स्पष्ट आहे. बायको तेवढी गळ्यापासून खाली आहे. तेव्हा मी फोटोग्राफीचा समीक्षक झालो तर कोणाची हरकत नसावी. बायकोची असेल, पण तिची हरकत एकूणच असते.

राहिला प्रश्न व्यासंगाचा. मी बी. कॉम. असून साताऱ्यातल्या एका बँकेत कारकून आहे. खाते उघडायला आलेल्या माणसाचा फोटो फॉर्मवरच्या चौकोनात चिकटवणे, फोटोतला माणूस आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहेत अशी मनाची समजूत घालणे, आणि निम्मा फोटोवर व निम्मा कागदावर येईल असा शिक्का मारणे, हे माझे काम. आता हिशेब करा. रोजचे सरासरी १० फोटो, वर्षाचे कामाचे २५० दिवस, नोकरीची २२ वर्षे. झाले ५५,०००. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात एका वेळी सुमारे ३५,००० कलाकृती मांडलेल्या असतात, असे मी वाचले आहे. म्हणजे आमचे काउंटर वीस हजारांनी पुढे आहे. शिवाय लूव्ह्रच्या रखवालदाराला प्रत्येक कलाकृतीला डिंक लावावा लागत नाही.

दृष्टीबद्दल मी काही बोलत नाही. माझा नंबर उणे साडेतीन आहे.

या लिखाणाला निमित्त झाले ते एका छायाचित्र प्रदर्शनाचे. उन्हाळ्याचे दिवस होते आणि सभागृहात पंखे चालू दिसले, म्हणून मी आत शिरलो. भिंतींवर एक सुरकुतलेले आजोबा, वाळवंटातला एक उंट, वारीत भिजणारी एक म्हातारी, काशीच्या घाटावरचा एक साधू आणि तारेवरचा एक कावळा, असा ऐवज होता. आजोबांच्या फोटोसमोर एक दाढीवाले गृहस्थ दोन कॉलेजकन्यकांना सांगत होते, "इथे प्रकाश मौन पाळतो." मी नीट पाहिले. प्रकाश डावीकडून येत होता आणि आजोबांना उन्हाचा त्रास होत होता.

"या आजोबांचं नाव काय हो?" मी विचारले.

दाढीवाल्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी कावळ्याचे नाव विचारले होते. फोटोखाली पाटी होती. पाटीवर 'प्रवास' असे शीर्षक होते, फोटोग्राफरचे नाव होते, कॅमेऱ्याचे नाव होते, भिंगाचा नंबर होता आणि किंमतही होती. आजोबा तेवढे बेनामी होते.

बँकेत बेनामी चालत नाही. आमच्याकडे सगळा कारभार याच्या उलटा. फोटोतल्या माणसाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, पत्ता, पॅन, आधार, वारसाचे नाव, वारस अज्ञान असल्यास पालकाचे नाव, हे सगळे असते. फोटो कोणी काढला तेवढे नसते. फार तर फोटो उलटा केला तर पाठीवर स्टुडिओचा जांभळा शिक्का दिसतो, आणि नेमका त्याच्यावरच मी डिंक लावतो. थोडक्यात, या क्षेत्रात दोन पंथ आहेत. एकाचे नाव पाटीवर लागते, दुसऱ्याच्या नावाला डिंक लागतो. पहिल्या पंथावर लिहायला दाढीवाले आहेत. दुसऱ्यावर कोणीच लिहीत नाही, म्हणून ही समीक्षा मी अंगावर घेतली आहे.

समीक्षेसाठी मी निवडलेले कलावंत म्हणजे आमचे फोटोकाका. त्यांचे खरे नाव त्यांच्या खात्यावर आहे, आणि खातेदाराची माहिती बाहेर सांगायला आम्हाला बंदी आहे. वय सत्तरीच्या घरात. स्टुडिओ आमच्या शाखेच्या समोर, एक जिना चढून. माझ्या दहावीच्या परीक्षेच्या फॉर्मवरचा फोटो त्यांनीच काढला होता. त्यात मी घाबरलेला दिसतो. निकाल लागल्यावर कळले, की फोटो अगदी यथार्थ होता.

फोटोकाकांचा मुख्य कलाप्रकार पासपोर्ट साइझ. लोक या प्रकाराला नाक मुरडतात, पण त्याचे नियम पाहा. रुंदी ३५ मिलिमीटर, उंची ४५ मिलिमीटर, पाठीमागे पांढरे, चेहरा समोर, डोळे उघडे, तोंड बंद, डोक्यावर टोपी नाही, चष्म्यावर चमक नाही, आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. वृत्तबद्ध कवितेवरसुद्धा इतकी बंधने नसतात; निदान कवीचे कान तरी कोणी मोजत नाही. आणि एवढे सगळे पाळून झाल्यावर माणूस ओळखू आला पाहिजे, ही अट कोणत्याही परिपत्रकात नसली तरी असतेच. वाळवंटात उंट उभा करून तो काढणे त्यामानाने सोपे. उंटाला तो उंटासारखा दिसतो आहे की नाही, याची फिकीर नसते.

४ बाय ६ इंचांच्या एका कागदावर असे आठ चेहरे बसतात. आठांपैकी दोन फॉर्मला लागतात आणि उरलेले सहा घरात इतक्या जपून ठेवले जातात, की पुढच्या वेळी नवे आठ काढावे लागतात. कॉमर्सच्या भाषेत सांगायचे तर लोकांचा विसरभोळेपणा हेच या धंद्याचे गुडविल.

तसा हा धंदा मुळापासूनच अवघड. फ्रान्समध्ये १८३९ साली फोटोग्राफी जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. फक्त पंधरा वर्षांत! पासबुक प्रिंटरच्या मंजुरीशी ताडून पाहिले तर हा वेग थक्क करणारा आहे. पण नुसती सोसायटी निघून काय उपयोग? समोर माणसे बसायला हवीत. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला हे आपल्याला ठाऊक असते, पण त्याआधी ते गोध्र्याला फोटोग्राफर होते, हे आपण विसरतो. प्लेगमध्ये बायको आणि मूल गेले आणि त्यांनी ते गाव सोडले. पुढे बडोद्याला त्यांनी पुन्हा हा धंदा मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो अशी आवई उठली आणि गिऱ्हाईक येईना, असे त्यांच्या चरित्रात येते. ही आवई मला अगदीच निराधार वाटत नाही. माझ्या आधार कार्डावरचा फोटो ज्याने पाहिला असेल त्याला, शक्ती शोषली गेली आहे, हे लगेच पटेल.

नावाचे म्हणाल, तर होमाई व्यारावालांचे उदाहरण घ्या. १९१३ साली नवसारीत जन्म, मुंबईच्या जे. जे.त शिक्षण, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, २०११ साली पद्मविभूषण. पण सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावावर छापून येत. म्हणजे पुढे पद्मविभूषण मिळणार असले, तरी मधली काही वर्षे नावाला डिंक लागायचा तो लागतोच.

आता फोटोकाकांच्या कलेकडे वळू. समीक्षकाने आधी कलावंताची कार्यशाळा पाहावी, म्हणून सांगतो. एक लाकडी स्टूल, छत्र्या उघडलेले दोन दिवे, एक आरसा, आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा (न बांधलेले तीन गेले), पावडरचा डबा आणि खुंटीवर एक काळा कोट. हा कोट फक्त समोरून कोट आहे. पाठीमागून तो उभा फाडलेला असून, माणूस बारीक असेल तर चिमट्यांनी आवळायचा आणि जाड असेल तर तसाच सोडायचा, अशी व्यवस्था आहे. आमच्या तालुक्यात मुलगी पाहायला गेलेल्या फोटोंपैकी निम्मे याच कोटात गेले असतील. आता कोट कॉम्प्युटरवरच चढवता येतो, तरी काकांनी खुंटीवरचा काढलेला नाही. "अंगावर कोट असला की माणूस ताठ बसतो," ते म्हणतात. "कॉम्प्युटरचा कोट नंतर चढतो. तोपर्यंत माणूस वाकून गेलेला असतो."

आतल्या बाजूला पूर्वी डार्करूम होती. लाल दिव्याच्या उजेडात पांढऱ्या कागदावर माणूस हळूहळू उगवताना मी लहानपणी तिथे पाहिला आहे. आधी केस यायचे, मग भुवया, मग डोळे, आणि शेवटी, नाही म्हणत म्हणत, गोरे गाल. मग हायपोच्या पाण्यात बुडवला की पक्का. आता त्या खोलीत काकांचा पुतण्या कॉम्प्युटरवर बसतो. कोडॅक कंपनीच्याच एका इंजिनिअराने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला आणि २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. घरच्याच पोराने घर बसवले, असे उदाहरण आमच्या कर्ज विभागातही थोडे आढळते. फोटोकाकांनी मात्र अर्ज केला नाही. त्यांचे म्हणणे, त्या अर्जालासुद्धा दोन फोटो लागत असतील.

दोष दाखवल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही, म्हणून आधी दोष. फोटोकाकांची लग्नाच्या अल्बमांची एक कालखंडच्या कालखंड व्यापणारी शैली आहे, तिचे समर्थन करणे मला शक्य नाही. कमळात नवरी, चंद्रात नवरा, नवरीच्या तळहातावर उभा असलेला सहा इंची नवरदेव, आणि एका अल्बमात तर फोडलेल्या नारळाच्या दोन वाट्यांत दोघे. माझ्या स्वतःच्या लग्नात मी गुलाबाच्या फुलातून डोकावतो आहे. माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी जे भाव आहेत ते फुलातून डोकावणाऱ्याचे नसून, आत किडा आहे हे कळलेल्याचे आहेत. याबद्दल मी काकांना एकदा छेडले. ते म्हणाले, "अरे, तुझ्याच सासऱ्यांनी सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, साधा काढू." तेव्हा हा दोष मी सासऱ्यांच्या खाती वर्ग केला आहे.

पण लग्नातला फोटोग्राफर हा मुळात पाहायचा असतो, त्याचे फोटो नव्हे. मंगलाष्टके संपता संपता अंतरपाट दूर होतो, तो एक क्षण. त्या एका क्षणासाठी हा माणूस सकाळी सहापासून कार्यालयात उभा असतो. आणि नेमक्या त्या क्षणी नवरीचा मामा, नवऱ्याचा आतेभाऊ आणि करवलीच्या मैत्रिणी हात वर करून आपापले मोबाइल पुढे घालतात. भिंगावर अक्षता आपटतात. भटजींचा खांदा मध्ये येतो. इतक्यातूनही काकांच्या फोटोत ते दोन चेहरे सापडतात, हे मी तीस-चाळीस अल्बमांत तपासून पाहिले आहे. नंतर स्टेजवर पाहुण्यांची रांग. दर दोन मिनिटांनी तेच तेच नवरा-नवरी आणि वेगळे वेगळे पाकीट. तोपर्यंत पंगती उठतात. शेवटी जिलेबी संपलेली, मठ्ठा पातळ झालेला, आणि वधूपिता हिशेबाला बसलेले. त्यांना फोटोग्राफर दिसला की एकच आठवते : "अल्बम झाल्यावर बाकीचे देतो हं." जेवलात का, हे कोणी विचारत नाही. अल्बम तयार होतो तेव्हा गावातले यच्चयावत माणूस त्यात असते. ज्याने तो केला तो एकटा नसतो.

आता गुण. समीक्षेच्या पुस्तकांत याला 'कलावंताचा विवेक' म्हणतात. त्याचा दाखला म्हणून एक हकिकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त हवालदार पेन्शनच्या खात्यासाठी फोटो घेऊन आले. आमचा जिल्हा फौजेत माणसे पाठवणारा, तेव्हा असे खातेदार पुष्कळ. फोटो पुतण्याने कॉम्प्युटरवर साफ केलेला होता. हवालदारांनी तो माझ्यासमोर टाकला आणि म्हणाले, "साहेब, हा कोण आहे?" मी म्हटले, "तुम्हीच." ते म्हणाले, "माझ्या कपाळावरचा वण कुठाय? एकाहत्तर साली मिळालाय तो. फुकट नाही मिळाला." मी त्यांना समोर पाठवले. काकांनी तो फोटो फाडला, हवालदारांना पुन्हा स्टुलावर बसवले, आणि दिवा थोडा बाजूला सरकवून असा काढला, की वण आधी दिसावा आणि हवालदार नंतर. मग पुतण्याला समोर घेऊन ते म्हणाले, "मुरूम आठ दिवसांत जातो, तो पुसलास तर चालेल. जे जाणार नाही ते पुसायचं नाही."

साहित्यातल्या संपादनाबद्दल मी याहून कामाचे काही वाचलेले नाही. त्या दाढीवाल्यांना हे सांगायला हवे होते.

काकांचा आणखी एक दोष म्हणजे वेळ. पुतण्या पाच मिनिटांत माणूस मोकळा करतो. काका स्टुलावर बसवतात, खांदे सरळ करतात, हनुवटी एका बोटाने खाली घेतात आणि म्हणतात, "श्वास सोडा." हसा म्हणत नाहीत. सांगून हसलेला माणूस उसने घेतल्यासारखा दिसतो, असे त्यांचे मत. श्वास सोडला की खांदे खाली येतात, कपाळ सैल होते आणि एक क्षणभर माणूस स्वतःसारखा दिसतो. तेवढ्यात खट्. इथवर ठीक. पण गिऱ्हाईक म्हातारे असेल तर काका त्यानंतरही रेंगाळतात. काही तरी विचारतात, दिवा उगीच हलवतात, आणि पुन्हा एकदा खट् करतात. या दुसऱ्या फोटोचे ते पैसे लावत नाहीत आणि तो देतही नाहीत. धंद्याच्या दृष्टीने हा निव्वळ अपव्यय आहे, असे माझे जुने मत होते. ते मी त्यांना ऐकवलेही होते. ज्याची नोंद नाही आणि ज्याची वसुली नाही असा खर्च बी. कॉम.ला सहन होत नाही.

हे मत बदलले ते असे. वडील गेल्यावर आईचे फॅमिली पेन्शन आमच्याच शाखेत येत असे. तिच्या खात्याची कागदपत्रे नवी करायची होती आणि ताजा फोटो नव्हता. आई फोटोला फार नाखूश. "माझा कशाला?" हे तिचे ठरलेले उत्तर. आमच्या घरच्या झाडून सगळ्या फोटोंत ती आहे, पण कुठे ताटाआड, कुठे दुसऱ्याच्या खांद्यामागे, कुठे वाढायला वाकलेली. माझ्या मुंजीच्या फोटोत तिचा हात आणि तुपाची वाटी एवढेच आले आहे. त्या दिवशी माझ्या जेवणाच्या सुट्टीत मी तिला अक्षरशः ओढत जिना चढवून नेले. "आई, चल लवकर, माझी सुट्टी संपतेय," हे मी किमान चार वेळा म्हणालो असेन. फोटो निघाला, मी तिला रिक्षात बसवले, आणि संध्याकाळी आठ फोटोंचे पाकीट घेऊन फॉर्मवर एक चिकटवला. फोटो नियमाप्रमाणे होता. दोन्ही कान दिसत होते. चेहरा मात्र चुकीची नोटीस आलेल्या माणसासारखा होता. त्यात काकांचा काही दोष नव्हता. नोटीस मीच बजावली होती.

पुढे सव्वा वर्षाने आई गेली. तेराव्याला फोटो ठेवायचा तर घरात एकही धड सापडेना. शेवटी बँकेच्या फोटोवरूनच मोठा करून घ्यावा, म्हणून मी उरलेल्या सहांपैकी एक घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी तो हातात घेतला, पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. "हा तुझ्या साहेबाचा," ते म्हणाले. "घरचा माझ्याकडे आहे." मग त्यांनी पुतण्याला एक तारीख सांगितली.

पडद्यावर आई हसत होती. दात दिसत होते, एक कान दिसत नव्हता, मान किंचित वळलेली. बँकेने हा फोटो घेतला नसता. मी इतका वेळ बघत राहिलो, की पुतण्याने खुर्ची पुढे सरकवली.

"ही कशाला हसली?" मी विचारले.

काका म्हणाले, "अरे, पहिला काढून झाला. तू दारात घड्याळ बघत उभा होतास. मी दिवा बंद करायला गेलो, तर वहिनी म्हणाल्या, 'अहो, दोन वाजून गेले, तुमचं जेवण झालं का?' मी म्हटलं, वहिनी, पन्नास वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. तर त्या हसल्या. मग मी काढला."

मी पैसे विचारले. ते म्हणाले, "दुसऱ्याचे नसतात." साठीच्या पुढचे माणूस स्टुलावर बसले की ते दुसरा काढून ठेवतात, हे मला त्या दिवशी कळले. तारखेप्रमाणे ठेवतात, कोणाला सांगत नाहीत.

"आणि काका, कोणी मागायला आलंच नाही तर?"

"तर बरंच की! म्हणजे माणूस आहे."

आमच्या शाखेत इंग्रजीचे एक प्राध्यापक पासबुक भरून घ्यायला येतात. त्यांना मी हे सांगितले, तर त्यांनी मला एक पुस्तक आणून दिले. फ्रान्समधले मोठे समीक्षक रोलाँ बार्थ यांनी आई गेल्यावर फोटोग्राफीवर लिहिलेले, १९८० साली निघालेले. मी ते डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचले. निम्मे कळले नाही. जे कळले ते असे, की हे गृहस्थ आई गेल्यावर रात्री तिचे फोटो एकेक करून पाहतात आणि कुठल्याच फोटोत त्यांना आई सापडत नाही. शेवटी एकात सापडते. १८९८ सालचा फोटो, आई पाच वर्षांची, काचेच्या बागघरात भावाबरोबर उभी. तो काढणारा कोणी नामवंत नव्हता, एका छोट्या गावातला फोटोग्राफर. त्याचे नावही बार्थना ठाऊक नाही. पुस्तकात इतर पुष्कळ फोटो छापले आहेत, पण तो एक त्यांनी छापलेला नाही. तो इतरांना काही सांगणार नाही, असे त्यांचे म्हणणे. जगभरची समीक्षा करून झाल्यावर हा एवढा मोठा माणूससुद्धा शेवटी एक जिना चढून कोणातरी फोटोकाकांपाशीच आला, हे वाचून मला बरे वाटले. डिंक फ्रान्समध्येही लागतो.

गेल्या महिन्यात फोटोकाका स्वतः माझ्या काउंटरवर आले. त्यांच्या खात्याची कागदपत्रे जुनी झाली होती आणि खाते गोठेल असा मेसेज मोबाइलवर आला होता. हल्ली, म्हणजे २०२० च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने परवानगी दिल्यापासून, व्हिडिओवरूनही ओळख पटवता येते. पण काकांना तो मार्ग पसंत नव्हता. "हलणारा माणूस कसा ओळखणार?" ते म्हणाले. त्यांनी फॉर्म पुढे केला. फोटोचा चौकोन रिकामा होता.

"काका, फोटो?"

त्यांनी पाकिटातून एक फोटो काढला. काळा-पांढरा, नक्षीदार कडांचा. भरघोस केस, मोठी कॉलर. "माझ्या वडिलांनी काढलेला," ते म्हणाले. "त्यानंतर काढायला कोणी राहिलं नाही."

सहा महिन्यांच्या आतला फोटो हवा, हा नियम त्यांनीच आमच्या किती गिऱ्हाइकांना पाठ करून दिला असेल! मी घड्याळ पाहिले. जेवणाची सुट्टी झाली होती. पुतण्या एका साखरपुड्याला गेला होता. आम्ही दोघे जिना चढून वर गेलो. काकांनी कॅमेरा तिकाटण्यावर लावून दिला, काय दाबायचे ते दाखवले आणि स्टुलावर जाऊन बसले. गंमत म्हणजे, बसल्याबरोबर त्यांचे खांदे वर गेले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. साऱ्या साताऱ्याला श्वास सोडायला लावणारा माणूस श्वास धरून बसला होता.

"काका, श्वास सोडा," मी म्हटले. सोडेनात.

मग मी विचारले, "जेवण झालं का?"

खट्.

काकांनी उठून पडद्यावर पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला. हयातभराच्या अनुभवाची ती नजर माझ्या पहिल्याच कलाकृतीवर फिरत होती. मी दाढी खाजवत उभा राहिलो. म्हणजे हनुवटी, दाढी मला नाही.

"तिरका आलाय," ते म्हणाले. "डावा कान गेला. उजेड जास्त झाला." मग थोडे थांबून म्हणाले, "पण राहू दे. हा पुसू नकोस."

नियम म्हणजे नियम. मी दुसरा काढला, त्यात काका नोटीस आलेल्या माणसासारखे दिसतात आणि दोन्ही कान दिसतात. दुपारी तो फॉर्मवर लावायला घेतला. हल्ली मी शिक्का मारताना तो खांद्यावर पडेल, चेहऱ्यावर पडणार नाही, एवढे बघतो. त्याआधी फोटो उलटा केला. पाठ कोरी होती. मी इकडेतिकडे पाहिले, बॉलपेनने तिथे बारीक अक्षरात माझे नाव लिहिले, आणि त्यावर डिंक लावला.